वेबमेल व ब्राउझर-पूरके

वेबमेल व ब्राउझर-पूरके : संगणकावर स्वतंत्र टपाल-आज्ञावली न बसविता केवळ ब्राउझरच्या साहाय्याने ई-मेल वाचण्याची, लिहिण्याची व साठविण्याची जी सोय संकेतस्थळावर केलेली असते, तिला वेबमेल असे म्हणतात. ब्राउझरला जोडून त्याची उपयुक्तता वाढविणाऱ्या लहान आज्ञावलीस ब्राउझर-पूरक किंवा नुसते पूरक म्हणतात. ‘ॲड-ऑन’ व ‘एक्स्टेन्शन’ या नावांनीही ते ओळखले जाते. वेबमेलच्या पृष्ठावर नवी बटणे बसविणे, पत्र ठराविक वेळी पाठविणे, मजकूर कूटबद्ध करणे, देवनागरीसारख्या लिपीत टंकलेखन करता येणे, इ. कामे पूरकांकडून करून घेता येतात. वेबमेल चालविणारी कंपनी आपल्या पृष्ठाची मांडणी बदलते, तेव्हा यांपैकी पुष्कळशी पूरके एकाएकी बंद पडतात किंवा चुकीचे काम करू लागतात. याचे मूळ कारण असे, की पृष्ठाची अंतर्गत रचना कायम राहील असे अभिवचन कंपनीने कधीच दिलेले नसते. पूरक मात्र ते दिले असल्याप्रमाणे त्या रचनेवर विसंबून असते.

पूर्वेतिहास : ई-मेलची देवाणघेवाण ज्या संकेतनियमांनुसार होते, ते जुने व स्थिर आहेत. पत्र पाठविण्याचा ‘एसएमटीपी’ हा संकेतनियम १९८२ मध्ये, तर पेटीतील पत्रे मिळविण्याचे ‘पॉप’ व ‘आयमॅप’ हे संकेतनियम अनुक्रमे १९८४ व १९८६ मध्ये पुढे आले. त्यांत सुधारणा होत गेल्या. परंतु त्या प्रसिद्ध करून व जुन्या आज्ञावल्यांचा विचार ठेवून झाल्या. वेबमेलने या भक्कम पायावर एक नवा मजला चढविला आणि तो मजला मात्र प्रत्येक कंपनीने आपल्या मर्जीनुसार बांधला.

सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत सुरू केलेली हॉटमेल ही या क्षेत्रातील आरंभीची महत्त्वाची सेवा होय. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती १९९७ मध्ये विकत घेतली. त्याच वर्षी याहू मेल सुरू झाली. भारतात मुंबई येथील रेडिफ या कंपनीची रेडिफमेल ही सेवा लोकप्रिय झाली. या काळातील वेबमेलचे पृष्ठ साधे असे. प्रत्येक क्रियेनंतर सर्व्हरकडून संपूर्ण नवे पृष्ठ येई व त्याची रचना एचटीएमएल या भाषेत उघडपणे वाचता येई. मार्च १९९९ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ या ब्राउझरात पृष्ठ न बदलता पार्श्वभूमीवर सर्व्हरशी माहितीची देवाणघेवाण करण्याची सोय झाली. तिचा उगम मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक वेब ॲक्सेस या वेबमेलच्याच गरजेतून झाला होता. या तंत्राचा व्यापक उपयोग गूगल कंपनीच्या जीमेल या सेवेने केला. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. तीत प्रत्येकास १ गिगाबाइट साठवण मिळत असे व पृष्ठाचा बहुतेक भाग जावास्क्रिप्ट आज्ञावली ब्राउझरमध्येच तयार करी. जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्ये या कार्यपद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. वेबमेल हे आता पृष्ठ न राहता पृष्ठाच्या रूपाने चालणारी आज्ञावली बनले.

याच सुमारास, नोव्हेंबर २००४ मध्ये, फायरफॉक्स या ब्राउझरची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. पूरके जोडता येणे हे त्याचे एक मोठे आकर्षण होते. ॲरन बूडमन यांनी त्याच वर्षी तयार केलेल्या ग्रीसमंकी या पूरकामुळे तर कोणाही हौशी माणसाला थोडीफार जावास्क्रिप्ट लिहून आवडत्या संकेतस्थळाचे रूप पालटता येऊ लागले. अशा लघुलिपींसाठी जीमेल हे फार आवडते क्षेत्र ठरले. गूगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये (२००८) पूरकांची सोय जानेवारी २०१० पासून सर्वांसाठी खुली झाली.

कार्यपद्धती : ब्राउझर पृष्ठाच्या मजकुरापासून घटकांचा एक वृक्ष स्मृतीत तयार करतो. पत्रांची यादी, यादीतील प्रत्येक ओळ, लेखनाची चौकट, ‘पाठवा’ हे बटण, हे सर्व त्या वृक्षाच्या फांद्या व पाने होत. पूरकाची आज्ञावली या वृक्षात शिरून हवा तो घटक शोधते आणि त्याला काही जोडते, त्यातील काही लपविते किंवा त्यातील मजकूर वाचते. घटक ओळखण्यासाठी तिच्याजवळ सामान्यतः तीन खुणा असतात : घटकाला दिलेले वर्गनाम, वृक्षातील त्याचे स्थान आणि त्यावर दिसणारी अक्षरे.

यांपैकी कोणतीही खूण पूरकांसाठी निर्माण केलेली नसते. मोठ्या वेबमेलची जावास्क्रिप्ट प्रसिद्ध करण्यापूर्वी संक्षिप्त करण्यात येते. या प्रक्रियेत अर्थपूर्ण नावांच्या जागी दोन-तीन अक्षरांची निरर्थक नावे येतात, उदा., जीमेलच्या यादीतील न वाचलेल्या पत्राच्या ओळीला ‘झेड-ई’ असे वर्गनाम असते. पृष्ठ त्यामुळे हलके होते व लवकर उघडते. परंतु ‘झेड-ई’ म्हणजे न वाचलेले पत्र ही गोष्ट पूरक लिहिणाऱ्यास निरीक्षणानेच हुडकून काढावी लागते. दिसणाऱ्या अक्षरांवरून घटक ओळखावा, तर दुसरी अडचण उद्भवते. जीमेल मराठीसह अनेक भाषांत वापरता येते. इंग्रजी बटणाचे नाव शोधणारे पूरक मराठी मांडणी निवडलेल्या माणसाच्या संगणकावर पहिल्या दिवसापासूनच निकामी ठरते.

घटक केव्हा निर्माण होईल, हाही प्रश्न असतो. एजॅक्स पद्धतीच्या पृष्ठात पत्र उघडल्यावरच त्याचे घटक तयार होतात आणि बंद केल्यावर नाहीसे होतात. पूरकाला वृक्षातील हालचालींवर सतत लक्ष ठेवावे लागते. ही देखरेख अकुशल असेल, तर पृष्ठ मंदावते. असा मंदपणा पूरकामुळे आहे की वेबमेलमुळे, हे वापरणाऱ्याला सहसा कळत नाही.

मांडणीबदलाचे परिणाम : वेबमेलचे रूप बदलल्यावर पूरकांत निर्माण होणारे दोष चार प्रकारचे असतात. (१) लोप : शोधलेला घटक सापडत नाही आणि पूरकाचे बटण दिसेनासे होते. हा दोष ठळक असल्याने लगेच ध्यानात येतो. (२) विस्थापन : बटण भलत्या जागी उमटते किंवा मूळ बटणांना झाकून टाकते. (३) विपरीत क्रिया : जुने वर्गनाम नव्या मांडणीत वेगळ्याच घटकाला मिळाल्यास पूरक चुकीच्या घटकावर क्रिया करते. (४) मूक अपयश : वरवर सर्व ठीक दिसते, पण काम होत नाही. हा प्रकार सर्वांत घातक होय. पत्र उघडल्याची खबर प्रेषकाला देणारी अदृश्य चित्रे अडविणारे पूरक बंद पडले, तर पडद्यावर कोणतीही खूण उमटत नाही. आपण सुरक्षित आहोत या समजुतीत माणूस राहतो.

यांशिवाय आणखी एक परिणाम संभवतो, तो म्हणजे पूरकाचे कार्यच वेबमेलने आत्मसात करणे. ठरविलेल्या वेळी पत्र पाठविण्याची सोय जीमेलसाठी बूमरँग हे पूरक २०१० पासून देत होते. जीमेलने तीच सोय १ एप्रिल २०१९ रोजी स्वतः सुरू केली. अशा वेळी सामान्य वापरणाऱ्याचा लाभ होतो. पूरकाच्या कर्त्याला मात्र आपल्या अस्तित्वाचे नवे प्रयोजन शोधावे लागते.

जीमेलमधील स्थित्यंतरे : या विषयाचा इतिहास जीमेलच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्टपणे दिसतो. २००७ च्या अखेरीस जीमेलची जावास्क्रिप्ट मुळापासून नव्याने लिहिण्यात आली. बाह्य रूप जवळजवळ तेच राहिले, परंतु आतील घटकवृक्ष पूर्णपणे बदलला आणि ग्रीसमंकीच्या बहुसंख्य लघुलिपी निरुपयोगी झाल्या. अनेक लघुलिपी एकत्र करून बनविलेल्या ‘बेटर जीमेल’ या फायरफॉक्स-पूरकाऐवजी नव्या रचनेसाठी ‘बेटर जीमेल २’ हे वेगळे पूरक काढावे लागले. डोळ्यांना दिसणारा बदल व पूरकांना जाणवणारा बदल या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रसंगाने दाखवून दिले. गूगलने त्या वेळी ग्रीसमंकीच्या लेखकांसाठी एक छोटा प्रायोगिक जोडणी-संच उपलब्ध केला होता. पृष्ठातील काही घटक ठराविक नावांनी मागता यावेत, एवढीच त्याची व्याप्ती होती. पुढील रूपांत तो चालू राहिला नाही. तथापि पूरकांचे अस्तित्व मान्य करणारे ते एक उल्लेखनीय पाऊल होते. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘जीमेल लॅब्ज’ या विभागात तर अनेक प्रायोगिक सोयी कंपनीनेच पुरविल्या. पाठविलेले पत्र काही सेकंदांत परत घेण्याची सोय त्यांपैकीच असून ती २०१५ मध्ये नियमित झाली.

नोव्हेंबर २०११ मध्ये जीमेलचे दर्शनी रूप बदलले व बटणांवरील शब्दांच्या जागी पुष्कळ ठिकाणी चिन्हे आली. ऑक्टोबर २०१२ मध्ये पत्रलेखनाची नवी चौकट आली. तोपर्यंत पत्र लिहिताना संपूर्ण पृष्ठ व्यापले जाई. आता यादीवर तरंगणारी छोटी चौकट उघडू लागली आणि एकाच वेळी अशा अनेक चौकटी उघडता येऊ लागल्या. ‘पृष्ठावर लेखनाची जागा एकच असते’ या गृहीतावर उभी असलेली पूरके त्यामुळे अडचणीत आली. टंकलेखन साहाय्य, स्वाक्षरी व साचेबद्ध उत्तरे पुरविणाऱ्या पूरकांना आपली आज्ञावली नव्याने बेतावी लागली.

डिसेंबर २०१४ मधील बदल अदृश्य होता. जीमेलने ‘आशय-सुरक्षा धोरण’ लागू केले. या धोरणानुसार कोणत्या ठिकाणची आज्ञावली पृष्ठात चालवावी, याची यादी सर्व्हर ब्राउझरला देतो आणि यादीबाहेरची आज्ञावली ब्राउझर नाकारतो. पत्रातून घुसविलेल्या दुष्ट आज्ञावलींपासून संरक्षण हा त्याचा मुख्य हेतू होता. परंतु परक्या सर्व्हरवरील जावास्क्रिप्ट पृष्ठात ओढून आणणारी पूरकेही त्यामुळे अडली. प्रचलित पूरकांपैकी बहुतेकांनी आधीच सुधारणा केली असल्याचे गूगलने त्या वेळी कळविले व अडचण आल्यास पूरकाची अद्ययावत आवृत्ती घेण्याची सूचना केली.

२५ एप्रिल २०१८ रोजी जीमेलचे आणखी एक नवे रूप जाहीर झाले. या वेळी वापरणाऱ्यांना काही महिने जुन्या रूपाकडे परतण्याची मुभा होती. संक्रमणकाळातील अशी मुभा पूरकांच्या कर्त्यांना अत्यंत उपयोगी पडते. मात्र त्या काळात त्यांना दोन्ही रूपे सांभाळावी लागतात. शिवाय नवे रूप सर्वांना एकाच दिवशी मिळत नाही, ते टप्प्याटप्प्याने पसरते. त्यामुळे तेच पूरक एकाच कचेरीतील एका मेजावर चालते व शेजारच्या मेजावर चालत नाही, असा अनुभव येतो.

ब्राउझरमधील बदल : पूरक दोन बाजूंनी परावलंबी असते. वेबमेल स्थिर राहिले, तरी ब्राउझर बदलू शकतो. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी प्रसिद्ध झालेल्या फायरफॉक्स ५७ या आवृत्तीने जुन्या पद्धतीची पूरके स्वीकारणे बंद केले. जुन्या पूरकांना ब्राउझरच्या जवळजवळ सर्व अंतर्भागात हात घालता येई. नव्या पद्धतीत त्यांना नेमून दिलेल्या सोयींपुरतेच अधिकार मिळाले. वेग, स्थैर्य व सुरक्षितता यांत लाभ झाला, पण ज्या पूरकांचे कर्ते अन्यत्र गुंतले होते, ती पूरके कायमची मागे पडली.

क्रोमने ‘मॅनिफेस्ट आवृत्ती ३’ ही नियमावली जानेवारी २०२१ मध्ये व्यवहारात आणली आणि २०२४-२५ मध्ये आधीच्या आवृत्तीची पूरके बंद केली. वेबमेलच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा नियम म्हणजे दूरच्या सर्व्हरवरून ऐनवेळी आणलेली आज्ञावली चालविण्यास मनाई. जीमेलच्या रचनेत बदल होताच आपल्या सर्व्हरवरील आज्ञावली दुरुस्त करावयाची व ती सर्वांकडे तत्काळ पोहोचवावयाची, ही रीत काही पूरकांनी अवलंबिली होती. नव्या नियमामुळे प्रत्येक दुरुस्ती पूरकाची नवी आवृत्ती म्हणून सादर करावी लागते व ती तपासणीतून जाते. ब्राउझरचा सुरक्षा-नियम आणि वेबमेलची परिवर्तनशीलता हे दोन घटक एकत्र येऊन बिघाडाचा काळ कसा लांबतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

उपाययोजना : (अ) मध्यस्थ संच : घटक शोधण्याचे किचकट काम एका ठिकाणी करून इतर पूरकांना सोप्या नावांनी ते उपलब्ध करून देणे, हा एक मार्ग आहे. कार्तिक तलवार यांनी आरंभिलेला ‘जीमेल.जेएस’ हा मुक्तस्रोत संच व स्ट्रीक या कंपनीचा ‘इनबॉक्स-एसडीके’ हे या प्रकारचे होत. रूप बदलले, की दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते. तथापि संचच वेळेवर दुरुस्त झाला नाही, तर त्यावर आधारलेली सर्व पूरके एकदमच बंद पडतात.

(आ) अधिकृत जोडणी : वेबमेल-कंपनीने स्वतः आखून दिलेल्या जागेत व नियमांत काम करणारी पूरके हा दुसरा मार्ग होय. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये २०१३ पासून अशी व्यवस्था असून पूरक स्वतंत्र चौकटीत चालते व तेच पूरक संगणकावरील आउटलुकमध्येही वापरता येते. गूगलने जीमेलसाठी अशी व्यवस्था ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू केली. झिंब्रा या सर्व्हर-आज्ञावलीतील ‘झिम्लेट’ही याच जातीचे. मांडणी बदलली, तरी ही पूरके सामान्यतः टिकतात. परंतु कंपनीने दिलेली चौकट ओलांडता येत नाही आणि पृष्ठाचे रूपच बदलू इच्छिणाऱ्यांस त्यांचा उपयोग नाही.

अधिकृत मार्गाला खर्चाचीही बाजू आहे. २०१४ मध्ये खुल्या झालेल्या जीमेलच्या माहिती-जोडणीसाठी गूगलने २०१८ च्या अखेरीस कडक नियम जाहीर केले. पत्रांचा मजकूर आपल्या सर्व्हरवर नेणाऱ्या आज्ञावलींना त्रयस्थ संस्थेकडून सुरक्षा-तपासणी करून घेणे आवश्यक ठरले आणि तिचा खर्च १५,००० ते ७५,००० डॉलर येऊ शकेल असे सांगण्यात आले. वापरणाऱ्याच्या खाजगी पत्रांच्या रक्षणासाठी ही तपासणी समर्थनीय असली, तरी एकट्याने व विनामूल्य काम करणाऱ्या हौशी कर्त्याला तो खर्च झेपणारा नव्हता.

(इ) प्रमाणित खुणांचा आधार : पृष्ठाच्या रचनेऐवजी स्थिर प्रमाणांवर पूरक उभे करणे हा तिसरा व सर्वांत टिकाऊ मार्ग. मेलव्हेलोप (२०१२) हे कूटबद्ध पत्रव्यवहाराचे पूरक या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कूटबद्ध मजकुराच्या आरंभी व शेवटी येणाऱ्या ठराविक ओळी ‘ओपनपीजीपी’ या प्रमाणाने ठरविलेल्या आहेत. मेलव्हेलोप त्या ओळींचा शोध घेते, त्यामुळे त्या कोणत्या वर्गनामाच्या घटकात आहेत याला फारसे महत्त्व उरत नाही. लेखनासाठीही ते आपली स्वतंत्र चौकट उघडते. परिणामी अपुरा मजकूर कूटबद्ध होण्यापूर्वी सर्व्हरवर जात नाही. जर्मनीतील जीएमएक्स व वेब.डीई या सेवांनी २०१५ मध्ये मेलव्हेलोपशी अधिकृत सहकार्य केले. वेबमेल व पूरक यांच्यातील अलिखित संबंध उघड करारात कसा बदलता येतो, हे यावरून दिसते.

वापरणाऱ्यांवरील परिणाम : पूरके ही केवळ हौसेची वस्तू मानली, तर त्यांच्या बिघाडाचे गांभीर्य लक्षात येत नाही. दृष्टिहीन व्यक्ती पडदावाचक आज्ञावलीच्या साहाय्याने पत्रे ऐकतात. पडदावाचक हे पूरक नसले, तरी तेही घटकांच्या रचनेवरच अवलंबून असते. त्यासाठी घटकाची भूमिका व नाव सांगणाऱ्या ‘एआरआयए’ या प्रमाणित खुणा आहेत. ज्या वेबमेलमध्ये या खुणा काळजीपूर्वक राखल्या जातात, तेथे मांडणीबदलाचा त्रास कमी होतो; शिवाय पूरकांनाही त्यांचा आधार घेता येतो. जीमेलचे जावास्क्रिप्टविरहित ‘मूलभूत एचटीएमएल’ रूप मंद जोडणी व जुने संगणक असलेल्यांना तसेच पडदावाचक वापरणाऱ्या अनेकांना सोयीचे होते. ते बंद करण्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले व २०२४ च्या आरंभी ते मागे घेण्यास सुरुवात झाली, तेव्हा दृष्टिहीन वापरणाऱ्यांकडून नापसंती व्यक्त झाली. साधेपणा हीसुद्धा एक सोय असते व ती नव्या रूपाच्या सोयींच्या यादीत मोजली जात नाही.

भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांचा अनुभवही असाच आहे. रोमन अक्षरे टंकून देवनागरी उमटविणारी पूरके लेखनचौकटीतील प्रत्येक कळीचा दाब टिपून तेथील अक्षरे बदलतात. चौकट साध्या मजकुराची असते, तेव्हा हे सोपे असते. ती विविध टंक व चित्रे सामावून घेणारी झाली, की कर्सरचे स्थान चुकणे, मात्रा वेगळी पडणे, जोडाक्षर तुटणे असे दोष उद्भवतात. लिपीची सोय ब्राउझरच्या पूरकात असण्यापेक्षा संगणकाच्या परिचालन प्रणालीतच असणे श्रेयस्कर ठरते, ते याच कारणाने.

बिघाडाच्या काळात सुरक्षिततेचा धोकाही वाढतो. जुने पूरक बंद पडले, की त्याच नावाचे व तेच काम करण्याचे आश्वासन देणारे दुसरे पूरक माणूस घाईने बसवितो. वेबमेलच्या पृष्ठावर काम करणाऱ्या पूरकाला पत्रे वाचण्याची परवानगी द्यावी लागते, म्हणजे घराची किल्लीच द्यावी लागते. कर्त्याचे नाव, मागितलेले अधिकार व पूरकाची मुक्तस्रोतता यांची तपासणी म्हणूनच आवश्यक असते.

मूल्यमापन : कोणत्याही आज्ञावलीचे वापरणारे पुरेसे वाढले, की तिच्या प्रत्येक दृश्य वर्तनावर कोणी ना कोणी अवलंबून राहू लागते, मग ते वर्तन लेखी ठरलेले असो वा नसो, गूगलमध्ये काम केलेले अभियंता हायरम राइट यांच्या नावाने हे तत्त्व ‘हायरमचा नियम’ म्हणून प्रसिद्ध आहे. वेबमेल व पूरके यांचा संबंध हा या नियमाचा ठळक दाखला होय. वेबमेलची मांडणी सुधारण्याचा कंपनीचा अधिकार नाकारता येत नाही. सुरक्षिततेसाठी तर काही बदल अटळच असतात. परंतु बदलाची पूर्वसूचना, जुने रूप काही काळ चालू ठेवणे, सुलभतेच्या खुणांचे जतन आणि अधिकृत जोडणीची हमी या चार गोष्टींनी त्याची झळ पुष्कळ कमी करता येते. पत्रे मात्र अखेर ‘आयमॅप’सारख्या खुल्या संकेतनियमांनी मिळविता येतात, तोवर वापरणाऱ्याला वेबमेल सोडून अन्य टपाल-आज्ञावलीकडे वळण्याचा मार्ग मोकळा राहतो. २०१९ मध्ये प्रमाणित झालेला ‘जेमॅप’ हा संकेतनियम याच परंपरेतील असून तो आधुनिक वेबमेलच्या गरजा ध्यानात घेऊन आखलेला आहे. दर्शनी रूप क्षणिक असते व संकेतनियम दीर्घजीवी असतो, हा भेद ओळखून जे पूरक लिहिले जाते, तेच मांडणीच्या अनेक स्थित्यंतरांतून टिकून राहते.